नावाला नाव जुळवा

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात उतरलेल्या ताक्याची नोंद संगणकात करायची आहे असे समजा. ताका ही 'वस्तू'. माग क्रमांक, मीटर, वजन हे तिचे गुणधर्म. डेटाबेसला द्यावयाच्या आज्ञेत या मूल्यांसाठी मोकळ्या जागा असतात. त्यांना पॅरामीटर म्हणतात. त्या नुसत्या क्रमाने भरताना मीटर व वजन यांची अदलाबदल झाली, तर दोन्ही आकडेच असल्याने यंत्र हरकत घेत नाही. मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराचे पैसे मात्र बुडतात. म्हणून प्रोग्रामनेच गुणधर्मांची नावे वाचून त्याच नावाच्या पॅरामीटरमध्ये मूल्य घालावे. डॉटनेट प्रणालीत या वाचनाला 'रिफ्लेक्शन' म्हणतात. एखादे नाव जुळलेच नाही, तर जागा रिकामी सोडू नये. तेथेच थांबून चूक दाखवावी.