सोरायसिसमध्ये औषधी साबण कितपत उपयोगी?

सोरायसिस हा जंतूंमुळे होणारा किंवा स्पर्शाने पसरणारा आजार नसून शरीराची प्रतिकारयंत्रणा बिघडल्याने त्यात त्वचेच्या वाढीचा वेग अनावर होतो, म्हणजे निरोगी त्वचेचा वरचा थर नवा होण्यास सुमारे महिना लागत असताना येथे तेच काम काही दिवसांतच उरकते आणि अपक्व पेशींचे चंदेरी पापुद्रे कोपरांवर, गुडघ्यांवर व डोक्यात साचत जातात. साहजिकच, निव्वळ जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणाचा या आजारावर फारसा उपयोग नाही. उपयोगी पडतात ते पापुद्र्यांची पकड सैल करणारे सॅलिसिलिक आम्ल आणि कोलटार, म्हणजे दगडी कोळशापासून मिळणारे डांबर, जे पेशींची वाढ मंद करते व खाजही कमी करते. कोलटार आणि अतिनील किरण यांचा एकत्रित उपचार अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ गोकरमन यांनी १९२५ साली मांडला. ही द्रव्ये असलेल्या साबणाकडून मात्र तेवढी अपेक्षा ठेवू नये, कारण तो अंगावर जेमतेम काही मिनिटे टिकतो. मलम आत मुरावे म्हणून पापुद्रे मऊ करून देणे, एवढेच त्याचे काम.

छिंदवाडा आणि नागपूर यांच्या दरम्यानच्या लोधीखेडा-सौंसर भागात हिवाळ्यात कढत पाण्याने अंघोळ करून वजरीने खपल्या खरवडल्या जात असतील, तर साबण कितीही चांगला असला तरी नुकसानच होते, कारण खरचटलेल्या जागी काही दिवसांनी नवे चट्टे उमटतात. या प्रकाराला ‘कोबनर प्रतिक्रिया’ म्हणतात आणि कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी पडलेले ओरखडेही तिला पुरेसे ठरतात. पाणी कोमट असावे, फेस हातानेच लावून दोन-तीन मिनिटांनी धुवावा, अंग टिपून घेऊन ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. कोलटारने त्वचा उन्हाला हळवी होते, त्यामुळे दिवसभर संत्र्याच्या बागेत राबणाऱ्यांनी कोलटारचा साबण संध्याकाळी वापरणे बरे. कपड्यांना त्याचे डाग पडतात, हेही ध्यानात असू द्यावे. चिरा पडलेल्या त्वचेवर तो लावू नये आणि लहान मुलांसाठी सॅलिसिलिक आम्ल डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

गजकर्ण समजून दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम हा खरा धोका आहे, कारण त्याने चट्टे आधी झपाट्याने उतरतात आणि ते थांबवताच दुप्पट जोराने उसळू शकतात. सकाळी बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील किंवा सर्वांग लाल होऊन सोलू लागले असेल, तर साबण बाजूला ठेवून छिंदवाडा किंवा नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात विनाविलंब दाखवावे.