मुलांचा नोकरीचा अर्ज



गळीत हंगाम आटोपला की आपल्या कचेरीत पोरांची ये-जा वाढते. "साहेब, चाकणला अर्ज टाकायचाय, जरा बघता का?" आम्ही बघतो. पुष्कळदा तो लग्नाचाच बायोडाटा असतो, मथळा तेवढा बदललेला! उंची, मामाचे गाव, बागायत किती एकर. कंपनीला यातले काही लागत नाही.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागून टेल्को, बजाज आले; २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. अशा ठिकाणी अर्जांचा ढीग पडतो आणि वाचणारा वरच्या चार ओळी पाहतो. म्हणून नाव, चालू फोन आणि लगेच ट्रेड, आयटीआय, वर्ष, गुण. एक पान पुरे.

खरी अडचण अनुभवाच्या रकान्यात आहे. एका सभासदाच्या फिटर झालेल्या मुलाने तिथे 'नाही' लिहिले होते. आयटीआय झाल्यापासून काय करतोस? "काही नाही, घरीच." खोदून विचारले तेव्हा कळले, विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर तोच खोलतो, बेअरिंग बदलतो, वस्तीवरच्या इतरांचे पंपही त्याच्याकडेच येतात. दोन हंगाम वजनकाट्यावर पावत्याही केलेल्या. अरे, मग हा अनुभव नव्हे तर काय? शेतातले काम लिहायची पोरांना लाज वाटते. आम्ही त्याच्याकडून सरळ लिहून घेतले: 'पंपाच्या मोटरचे बेअरिंग बदलणे, दोन वर्षे.' 'मेहनती व होतकरू' हे शब्द खोडले. ते सगळेच लिहितात.

मात्र येत नाही ते लिहू नये. व्हर्नियर येतो म्हटले की लीस्ट काउंट विचारणारच. ०.०२ मिलिमीटर सांगता आले पाहिजे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अॅप्रेंटिस म्हणून घेतात, विद्यावेतन मिळते. पण पुढे कायम करण्याचे बंधन कंपनीवर नसते. तरी ते वर्ष अर्जात सर्वांत वर लिहिण्याजोगे आहे.

वडिलांनी अर्जात आपला सभासद क्रमांक घालू नये (एकाने घातला होता!). मुलींनाही पाठवा, त्यांचे अर्ज आमच्याकडे फार थोडे येतात. आणि मूळ गुणपत्रिका कुणा एजंटाच्या हाती देऊ नका, झेरॉक्सच द्या.