फूड ट्रेलर रस्त्यावर डुलतो का? निघण्याआधी वजन असं बसवा

मागच्या व्हिडिओत आपण ट्रेलरचं किचन लावलं. आज ते किचन गाडीमागे सुखरूप न्यायचं कसं, ते शिकू.

समजा, तुमचा गिला वड्याचा ट्रेलर अमरावतीत मस्त चालतोय आणि आता तो अकोल्याला कृषी प्रदर्शनाच्या गर्दीत न्यायचाय. अंतर जवळपास १०० किलोमीटर. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत असला की वेग कधी वाढतो, कळतच नाही. तेवढ्यात बाजूनं ट्रक जातो, हवेचा धक्का बसतो अन् ट्रेलर डुलायला लागतो. तुमचं सगळं भांडवल त्या दोन चाकांवर असतं, आणि मागून दुचाकीवाले येत असतात.

कारण आपल्या आजोबांना माहीत होतं. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच. मागे जड असेल तर हुकावरचा भार कमी होतो आणि शेपटी गाडीला हलवते.

नियम: एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा.

हिशोब करून पाहू. ट्रेलर ६०० किलो, हुकावर ९० किलो, हुक ते एक्सल १० फूट. २०० लिटर पाण्याची टाकी भरली की २०० किलो वाढले.

- टाकी एक्सलच्या ३ फूट मागे: हुकावर ६० किलो कमी. उरले ३०, म्हणजे ८०० किलोच्या ४ टक्केही नाही. धोका!
- टाकी एक्सलच्या १ फूट पुढे: हुकावर २० किलो जास्त. झाले ११०, म्हणजे सुमारे १४ टक्के. छान.

टाकी तीच, फक्त जागा बदलली!

मोजायचं कसं? एकूण वजन धर्मकाट्यावर करा. मग सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना दगड लावा, आणि पुढचा दांडा हुकाच्याच उंचीवर, किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर टेकवा. जास्तीत जास्त किती भार चालतो, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

निघताना: टायरची हवा तपासा. हुकाची पिन आणि साखळी पाहा. सिलिंडर बंद करून उभा बांधा. ट्रेलरमध्ये माणूस बसवू नका.

डुलायला लागलाच तर: अॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा. कचकन ब्रेक नको, वेग वाढवणं तर नकोच. गाडी आपोआप हळू होऊ द्या. मग कडेला सुरक्षित जागी थांबून सामान पुढे सरकवा. तसंच पुढे रेटू नका.

आजचा गृहपाठ: भरलेल्या ट्रेलरचे हे दोन आकडे वहीत लिहा. सामान बदललं की पुन्हा मोजा. धर्मकाट्याची पावती धंद्याच्या खर्चात धरा, राजेहो. पलटलेल्या ट्रेलरचा हप्ता मात्र धंदा बंद असतानाही भरावा लागतो.