सायकलीची साखळी : पारख, निवड आणि जोडणी

ज्या घरात मोटार नाही, तेथे सायकल हेच कुटुंबाचे वाहन असते. दूध घालणारा, कामावर जाणारा कारागीर आणि चार-पाच किलोमीटरवरील शाळेत जाणारी मुलगी या सर्वांचा दिवस तिच्यावर अवलंबून असतो. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात येतात, त्यामागे हाच विचार आहे. परंतु मिळालेली सायकल वर्षानुवर्षे चालती ठेवणे हे दुसरे काम आहे आणि ते घरातच शिकावे लागते. साखळी वारंवार उतरते म्हणून सायकल भिंतीला टेकून राहिली, तर मुलीची शाळाही हळूहळू मागे पडते. म्हणून प्रस्तुत पाठात साखळीची झीज कशी ओळखावी, नवी साखळी कशी निवडावी आणि ती घरच्या घरी कशी बसवावी, याचा क्रमवार विचार केला आहे.

साखळीचे कार्य

जुन्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे वेग हवा असेल तर चाकच प्रचंड करावे लागे आणि स्वार उंचावरून पडण्याचे भय राही. १८८० साली मँचेस्टर येथे हॅन्स रेनॉल्ड यांनी बुश आणि रोलर असलेली साखळी सिद्ध केली. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ सायकलीत साखळीने मागचे चाक फिरविण्यात आले. आज आपण वापरतो त्या सायकलीची घडण मुख्यतः तीच आहे.

पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकावर हे अंतर सुमारे साडेपाच मीटर होते. आता ताणाचा हिशेब पाहू. क्रँकची लांबी साडेसहा इंच आणि ४४ दात्यांच्या चक्राची त्रिज्या साडेतीन इंच धरली, तर पायाने दिलेला जोर साखळीवर पावणेदोन पटींहून अधिक होऊन पडतो. ६० किलो वजनाचा मनुष्य चढावर एका आडव्या पायडलवर उभा राहिला, तर साखळीवर सुमारे ११० किलोंचा ताण येतो. एवढा भार वाहणारी वस्तू झिजलेली किंवा सैल जोडलेली असणे केवळ गैरसोयीचे नाही, धोक्याचे आहे. भरल्या रस्त्यात साखळी निसटली तर पाय एकदम रिकामा जातो आणि स्वार तोल गमावतो.

साखळी ‘वाढते’ म्हणजे काय?

‘चेन वाढली’ असे आपण म्हणतो. वास्तविक पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यात एक खीळ आणि तिच्याभोवती बुश असते. धूळ आणि तेल यांचे मिश्रण तेथे शिरले की ते घासकामाच्या पुडीसारखे वागते; खीळ बारीक होते, बुशचे छिद्र रुंदावते. दर सांध्यात केसाच्या जाडीइतकी झीज झाली तरी शंभराहून अधिक सांध्यांची बेरीज डोळ्यांना दिसू लागते.

ही झीज मोजण्यास साधी पोलादी पट्टी पुरते. नव्या साखळीत एका खिळीच्या मध्यापासून पुढच्या खिळीच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. या अंतराला आपण ‘एक कडी’ म्हणू. साखळी ताणून धरून पट्टीचा शून्य एका खिळीच्या मध्यावर ठेवावा. पुढची चोविसावी खीळ १२ इंचांवर आली, तर साखळी निरोगी आहे. ती १/१६ इंच पुढे गेली, तर साखळी बदलण्याची वेळ आली. १/८ इंच पुढे गेली, तर उशीर झाला आहे. बहुधा दातेही झिजलेले असतील.

येथे एका प्रचलित उपायाविषयी सावध करणे अगत्याचे आहे. साखळी सैल झाली की दोन कड्या काढून ती आखूड करतात. त्याने सैलपणा जातो, पण उरलेल्या प्रत्येक कडीचे अंतर अर्ध्या इंचाहून अधिकच राहते. अशी कडी दात्याच्या मुळाशी न बसता वर चढून ओढते आणि चक्र व फ्रीव्हील दोन्ही खाऊन टाकते. एका साखळीचा खर्च वाचविण्याच्या नादात तीन वस्तूंचा खर्च अंगावर येतो.

पायडल निसटते तेव्हा दोष नेमका कोठे आहे, हेही पाहावे. साखळी दात्यांवरून उडी मारत असेल, तर साखळी किंवा दाते झिजले आहेत. साखळी आणि तिच्याबरोबर फ्रीव्हीलचे दाते फिरतात पण चाक फिरत नाही, असे असेल तर फ्रीव्हीलमधील खटके बिघडले आहेत. नवी साखळी घालून तो दोष जाणार नाही.

निवड

पहिला प्रश्न रुंदीचा. बिनगिअरच्या साध्या सायकलीस १/२ × १/८ इंच मापाची साखळी लागते. मागे पाच ते आठ दातेरी चकत्या असलेल्या गिअरच्या सायकलीस १/२ × ३/३२ इंच मापाची, अधिक अरुंद साखळी लागते. नऊ, दहा किंवा त्याहून अधिक चकत्या असतील, तर साखळी बाहेरून आणखी अरुंद असते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मागच्या चकत्या मोजाव्यात. साध्या सायकलीच्या जाड दात्यांवर अरुंद साखळी बसतच नाही.

दुसरा प्रश्न लांबीचा. जुनी आणि नवी साखळी शेजारी टांगून टोकाला टोक जुळविण्याची रीत चुकीची आहे. १०४ कड्यांची साखळी शेकडा एक इतकी झिजली, तर ती अर्धा इंच, म्हणजे पूर्ण एक कडी लांब दिसते. म्हणून लांबी जुळवू नये, कड्या मोजाव्यात. जुनी साखळी हरवली असेल, तर हिशेब असा : दोन्ही चक्रांच्या मध्यांतील अंतर इंचांत मोजून त्याची चौपट करावी आणि दोन्हींकडील दात्यांच्या बेरजेचे अर्ध त्यात मिळवावे. अंतर १८ इंच, दाते ४४ व १८ असतील, तर ७२ आणि ३१ मिळून १०३ होतात. आतील व बाहेरील कडी आलटून पालटून येत असल्यामुळे संख्या सम हवी. म्हणून १०४ घ्याव्यात. उरलेला फरक चाक किंचित मागे सरकवून भरून निघतो. गिअरच्या सायकलीत हा हिशेब चालत नाही. तेथे पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून, गिअर बदलणाऱ्या यंत्रातून न नेता, साखळी गुंडाळावी. जेथे टोके जुळू शकतील तेथून दोन कड्या अधिक ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट दाते. त्यांचे शेंडे दोन्ही बाजूंनी सारखे असतील, तर केवळ साखळी बदलून भागेल. ते मांजराच्या नखासारखे एका बाजूस वळले असतील, तर नवी साखळी त्यांवर उड्या मारील. अशा वेळी फ्रीव्हीलही बदलावे. दाते शाबूत असताना कोणी सगळा संच घ्या म्हणून आग्रह केला, तर दाते दाखवून कारण विचारावे.

जोडणी

साहित्य : पान्हा, पक्कड, चेन कटर, केरोसीन, जुने कापड, सायकलचे तेल.

१. सायकल उलटी करून सीट व हँडलवर उभी करावी. चेनकव्हर काढावे.

२. मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक पुढे सरकवावे. वॉशर, स्टँड व मडगार्डच्या पट्ट्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवाव्यात.

३. जुन्या साखळीचे लॉक शोधावे. त्यावरील स्प्रिंगची क्लिप पकडीने सरकवून काढावी. ती उडते; दुसऱ्या हाताने झाकून धरावी.

४. चक्र व फ्रीव्हील केरोसीनच्या कापडाने पुसून दाते तपासावेत. हे करताना चाक फिरते ठेवू नये. साखळी आणि दाते यांत बोट सापडले तर भयंकर इजा होते. लहान मुलांना हे आधी सांगावे.

५. नवी साखळी मोजून जादा कड्या चेन कटरने काढाव्यात. लॉकने जोडावयाची दोन्ही टोके आतील, म्हणजे अरुंद कडीची असली पाहिजेत.

६. साखळी दोन्ही चक्रांवर घालून तिची टोके फ्रीव्हीलच्या शेजारच्या दात्यांवर ठेवावीत. दाते टोके धरून ठेवतात आणि हात मोकळे राहतात. लॉक आतील बाजूने घालावे, बाहेरून पट्टी बसवावी आणि क्लिप लावावी. क्लिपचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेस असावे. सायकल सरळ उभी असता वरचा पदर पुढे धावतो, म्हणून तेथे बंद तोंड पुढे येते. उलट्या सायकलीवर तोच पदर खाली असतो, याचे भान ठेवावे. क्लिप उलटी लागली तर वाटेत काही अडकून ती निघू शकते.

७. चाक मागे ओढून ताण द्यावा. दोन चक्रांच्या मध्यभागी साखळी बोटाने वर-खाली सुमारे अर्धा इंच हलावी. पायडल सावकाश फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि तेथे हे माप घ्यावे. चाक फ्रेमच्या मधोमध ठेवून दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत.

८. चाक सरकले की ब्रेकही सरकतो. ब्रेकचे रबर रिमवर नीट बसते की नाही हे पाहिल्याशिवाय सायकल रस्त्यावर नेऊ नये. प्रथम मोकळ्या जागेत फेरी मारावी आणि आठवड्यानंतर नट व ताण पुन्हा तपासावेत.

निगा

नव्या साखळीत कारखान्यातच वंगण भरलेले असते. ते धुऊन टाकू नये. पुढे दर पंधरवड्यास, आणि पावसात भिजल्यावर सुकवून, प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब द्यावा, पायडल उलटे फिरवून ते आत मुरू द्यावे आणि बाहेरचे तेल पुसून काढावे. तेल आत हवे. बाहेर राहिले तर ते धूळ धरते.

स्वाध्याय

पालकांनी येत्या सुटीत मुलांना, आणि मुलींना आवर्जून, सोबत घेऊन पुढील तीन गोष्टी कराव्यात. घरातील सायकलीच्या चोवीस कड्या मोजून अंतर वहीत लिहावे. पुढचे व मागचे दाते मोजून पायडलच्या एका फेऱ्यात किती अंतर कापले जाते ते काढावे. क्लिपचे बंद तोंड योग्य दिशेस आहे का ते पाहावे. तीन महिन्यांनी पुन्हा मोजून दोन्ही आकड्यांची तुलना करावी. साखळी केव्हा बदलावी, हे मग दुकानदारास विचारावे लागणार नाही. वहीच ते सांगेल.