घाम येतो, पण वाळतो का?

आपल्या देवपुरात पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे धावताना दिसतात. त्यातला एकजण परवा म्हणाला, "सर, मे महिन्याच्या उन्हात धावलो, आता जूनमध्ये काय होणार?"

याचं उत्तर घरातल्या माठात आहे. मे महिन्यात धुळ्याची हवा कोरडी असते. माठातून पाझरलेलं पाणी झटकन उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. पावसाळ्यात हवा दमट होते. माठ बाहेरून ओलाच राहतो आणि पाणी तेवढं गार होत नाही. आपल्या शरीराचंही तसंच आहे. नुसता घाम येऊन शरीर थंड होत नाही, तो वाळला तरच होते. दमट हवेत घाम निथळत राहतो आणि उष्णता आत साचते.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला. भर उन्हात, दमट हवेत चाचणी घेण्यावर तेव्हा मोठी टीका झाली. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. आज पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर कमी झाले, पण सराव जपूनच करायला हवा.

लक्षात ठेवा :

१. सराव सूर्योदयाच्या सुमारास करा. हवा दमट असेल तर वेग कमी ठेवा.
२. नव्या हवामानाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. रोज थोडं-थोडं वाढवा.
३. पाणी आधीपासून प्या. खूप घाम गेला तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून प्या.
४. सुती, सैल कपडे घाला. ताप किंवा जुलाब असतील तर धावू नका.
५. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं की लगेच थांबा, सावलीत बसा.

सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

म्हणूनच एकट्याने धावू नका, जोडीने धावा. थांबणं म्हणजे हार नव्हे. भरती पुन्हा निघेल रे बाळांनो, जीव मात्र एकच आहे.