हवेचा हिशेब

घरच्या घरी लाकडी सामानावर फवाऱ्याने रंग चढवण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी स्प्रे गन दर मिनिटाला किती हवा खाते आणि आपला कॉम्प्रेसर तेवढ्या वेळात प्रत्यक्ष किती हवा पुरवतो, या दोन आकड्यांची खातरजमा केल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये, असे माझे अनुभवांती झालेले ठाम मत आहे. मला ५० लिटरच्या टाकीचा, २ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर विकताना दुकानदाराने, ८ बार दाब देणारे हे यंत्र वाटेल ती गन चालवील, अशी निःशंक ग्वाही दिली होती. सोबत घेतलेल्या एचव्हीएलपी गनने मी सागवानी कपाटाच्या दारावर रंग मारू लागलो, तेव्हा आरंभी तो तुकतुकीत बसला. परंतु दाराच्या मध्यावर येईतो गनपाशी लावलेल्या दाबमापकाचा काटा उतरू लागला, फवारा आकसला, रंगाचे कण नीट फुटेनासे झाले आणि उरलेले अर्धे दार संत्र्याच्या सालीसारखे खरबरीत दिसू लागले.

दाब निराळा आणि हवेचे परिमाण निराळे. एचव्हीएलपी गनच्या तोंडाशी दाब जेमतेम १० पीएसआय असतो, पण अशा बहुतेक गनना दर मिनिटाला ८ ते १४ घनफूट हवा लागते. कॉम्प्रेसरच्या पट्टीवर नमूद केलेला आकडा पुष्कळदा पिस्टनने ओढून घेतलेल्या हवेचा असतो. टाकीत प्रत्यक्ष पडणारी हवा त्याहून बरीच कमी भरते. गनची मागणी १० घनफुटांची आणि पुरवठा ५ घनफुटांचा धरला, तर मिनिटाला सुमारे १४० लिटर हवेची तूट येते. आणि ५० लिटरची टाकी ८ बारवरून ३ बारवर उतरेतो तिच्यातून मोकळी हवा निघते ती अवघी २५० लिटर. म्हणजे मोटर अखंड चालू असली, तरी दोन मिनिटांच्या आत ही शिल्लक संपुष्टात येते.

खरा पुरवठा घरीच मोजता येतो. गन बंद ठेवून टाकीचा दाब ४ बारवरून ६ बारवर चढायला किती सेकंद लागतात ते पाहावे. ५० लिटरच्या टाकीत तेवढ्यात १०० लिटर मोकळी हवा भरते, आणि ४२ सेकंद लागल्यास तो पुरवठा मिनिटाला ५ घनफुटांचा होय. एवढ्यावर ३ ते ४ घनफुटांत भागणारी एलव्हीएलपी गन निर्वेधपणे चालते, आणि पातळ लॅकरसाठी १.३ किंवा १.४ मिलिमीटरचे नोझल पुरते. दाब ठरवताना ट्रिगर ओढून, हवा वाहत असतानाच काटा पाहावा, कारण लांब आणि बारीक नळीत दाब वाटेतच पुष्कळ झिजतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, आणखी एक तजवीज अवश्य करावी. दाबाखालच्या हवेतील बाष्पाचे टाकीत पाणी होते, ते गनमधून रंगात उतरले की पृष्ठभागावर फोड येतात. शिवाय हवाच फार दमट असली, तर एनसी लॅकर पांढुरके पडते. म्हणून गनच्या अलीकडे पाणी अडवणारा सापळा लावावा, आणि दिवसाचे काम आटोपताच दाब उतरवून टाकीच्या तळाची चावी पूर्ण उघडावी.