परसातील कळपात नवीन तलंगांचा समावेश

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, अनेक शेतकरी कुटुंबांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येतो व आठवडी बाजाराचा किरकोळ खर्च त्यावर भागतो. गावठी कोंबडी खुडूक बसून पिल्ले काढते तेव्हा तीच त्यांचे रक्षण करते आणि पिल्ले कळपातच लहानाची मोठी होतात. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले मात्र विकत आणावी लागतात. त्यांना आईचे संरक्षण नसते. असे पक्षी आणल्या दिवशीच खुराड्यात सोडल्यास काही टोचले जाऊन मरतात, आणि त्यांच्याबरोबर रोग आला तर जुना कळपही हातचा जातो. यास्तव पुढील तीन पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

१. वेगळे ठेवणे

वरून निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या अंगीही रोग असू शकतो. उलटपक्षी, जुन्या कोंबड्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या रक्ती हगवणीचा त्यांना स्वतःला त्रास होत नाही, परंतु कोवळी पिल्ले तिला बळी पडतात. म्हणून नवीन पक्षी तीन ते चार आठवडे खुराड्यापासून शक्य तितके दूर ठेवावेत. त्यांची भांडी निराळी असावीत. रोज प्रथम जुन्या व नंतर नवीन पक्ष्यांना दाणापाणी द्यावे आणि हातपाय धुवावेत. पहिल्या आठवड्यात लासोटा व सहाव्या ते आठव्या आठवड्यात मानमोडीची दुसरी लस दिली आहे काय, याची खात्री करून घ्यावी.

२. नजरेची ओळख

कोंबड्यांच्या कळपात श्रेष्ठ-कनिष्ठ असा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेचे शास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या टोचण्याच्या क्रमाचे वर्णन केले आहे. नवीन पक्षी येताच हा क्रम मोडतो व तो पुन्हा लावण्यासाठी झुंजी होतात. त्या सौम्य व्हाव्यात म्हणून तुराट्यांचे कूड किंवा जाळी मध्ये घालून दोन्ही गट आठवडाभर शेजारी ठेवावेत. ते एकमेकांस दिसावेत, परंतु चोच पोहोचू नये. तलंगा बारा आठवड्यांहून मोठ्या व अंगाने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास झाल्याशिवाय पुढील पायरी घेऊ नये.

३. एकत्र करणे

अंधार पडल्यावर तलंगा दांड्यावर जुन्या कोंबड्यांशेजारी बसवाव्यात. एकटी तलंग कधीही सोडू नये. निदान तीन-चार एकत्र सोडाव्यात. सकाळी खुराडे लवकर उघडावे. दाण्याची व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर मांडावीत. नाहीतर दुबळ्या तलंगा उपाशी राहतात. पळून लपण्यासाठी अंगणात पऱ्हाट्यांचा भारा आडवा टाकावा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे 3.5 टक्के कॅल्शियम असते व ते वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडास अपायकारक ठरते. यासाठी सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीस गरज असेल ती तो खाईल.

पहिले काही दिवस पाठलाग व थोडे टोचणे व्हावयाचेच. त्यात हात घालू नये. मात्र रक्त दिसताच जखमी तलंग बाजूला काढावी, कारण रक्ताच्या लाल रंगाने इतर कोंबड्या तेथेच टोचत राहतात. एखादीच कोंबडी सतत मारत असेल, तर तिला चार दिवस डाल्याखाली वेगळे ठेवावे. परत येईपर्यंत तिचा मान ओसरलेला असतो. मलकापूर-नांदुऱ्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात हे काम टाळावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पक्षी वाटपाच्या वेळीच वेगळ्या जागेची पाहणी करावी. 2006 मध्ये नवापूर येथे व त्यानंतर शेजारच्या जळगाव जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला होता, हे ध्यानी ठेवून पक्षी अचानक मरू लागल्यास ते विकू अथवा फेकू देऊ नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. एक महिन्याचा धीर धरल्यास जुना कळप व नवीन तलंगा, दोन्ही वाचतात.